सकाळची गोळी, सकाळचे रक्त : हृदयाच्या ठोक्यांची औषधे आणि त्यांच्या रक्ततपासण्या

यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगावातून सकाळी यवतमाळकडे निघणाऱ्या एसटीत, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल सांभाळत बसलेली माणसे हमखास दिसतात. कुणाला यवतमाळच्या 'मेडिकल'ला जायचे असते, कुणाला पुढे सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूर गाठायचे असते. त्यांतली एखादी फाइल लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या बाईची असेल, तर तिच्यातली औषधे न बघताही बरीचशी सांगता येतात. सूज उतरवणारी लघवीची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, ठोक्यांचा वेग आवरणारी एखादी गोळी आणि या सगळ्यांत जुनी, लहानशी लॅनॉक्सिन, म्हणजे डिगॉक्सिन. तिच्यापुढे डॉक्टरांनी बहुधा '5/7' असे लिहिलेले असते. आठवड्यातले पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी. शाळेसारखी सुट्टी असलेले हे आपल्याकडचे एकमेव औषध असावे.

ही सुट्टी का, याचे उत्तर रक्तात आहे. डिगॉक्सिनचा उपयोग आणि अपाय यांच्यामधली जागा फार अरुंद असते. थोडे कमी पडले तर धडधड आणि धाप तशीच राहते, थोडे जास्त झाले तर ज्या हृदयासाठी गोळी घ्यायची तेच अडखळते. मग रक्त तपासून औषध नेमके किती आहे ते का पाहू नये? तपासणी आहे, पन्नासहून अधिक वर्षांपासून आहे. पण तिच्या अहवालातला आकडा एकटा फार थोडे बोलतो. गोळी किती वाजता घेतली, रक्त किती वाजता काढले, मूत्रपिंडे कशी आहेत आणि पोटॅशियम किती, या चार गोष्टी शेजारी नसतील तर तो आकडा डॉक्टरांना चुकीच्या वाटेने नेऊ शकतो. या लेखात या सगळ्या प्रश्नाचा आढावा घेतला आहे, आणि तो बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावात उभे राहून घेतला आहे.

एका सुईचे तीन प्रश्न

'रक्त तपासलं' या दोन शब्दांत आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. पहिली तपासणी औषधच मोजते. रक्तात डिगॉक्सिन किती, हा तिचा प्रश्न. दुसरी औषधाचा परिणाम मोजते. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनसाठी 'आयएनआर' काढतात, तेव्हा कुणी रक्तातली गोळी मोजत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजतात. तिसरी तपासणी औषधाने केलेली इजा शोधते. अमिओडॅरोन घेणाऱ्याची थायरॉइड आणि यकृताची चाचणी या प्रकारातली.

वरच्या फाइलमधल्या बाईंच्या बाबतीत तिन्ही प्रश्न एकाच सुईतून विचारले जाऊ शकतात. त्यामुळे आयएनआर झाला की 'सगळं रक्त पाहिलं, चांगलं आहे' असे घरी सांगितले जाते. प्रत्यक्षात आयएनआरला डिगॉक्सिनची काहीच खबर नसते.

म्हातारीच्या काढ्यापासून नॅनोग्रॅमपर्यंत

डिगॉक्सिनचे घराणे फॉक्सग्लोव्ह या झाडाचे. इंग्लंडच्या श्रॉपशायर भागातल्या एका म्हातारीच्या गुपित काढ्याने अंगावरची सूज उतरते, असे डॉक्टर विल्यम विदरिंग यांच्या कानावर आले. काढ्यातल्या अनेक वनस्पतींतून त्यांनी कामाचे पान शोधून काढले आणि दहा वर्षांचा अनुभव 1785 मध्ये पुस्तकरूपाने छापला. त्यांच्याकडे मोजायला शरीराखेरीज काही नव्हते. लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसला की औषध थांबवावे, हा त्यांचा नियम. पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत डॉक्टर याच नियमाच्या आसपास राहिले. रोग्याला मळमळू लागले म्हणजे मात्रा भरली, असे मानले जाई.

1930 मध्ये सिडनी स्मिथ यांनी केसाळ फॉक्सग्लोव्हमधून, म्हणजे डिजिटॅलिस लॅनाटामधून, डिगॉक्सिन वेगळे केले. लॅनॉक्सिन हे नाव त्या 'लॅनाटा'वरूनच आले. आता मात्रा मिलिग्रॅममध्ये नेमकी देता येऊ लागली, पण रक्तात गेल्यावर ती किती उरते हे कळत नव्हते. कळणे सोपेही नव्हते. पाव मिलिग्रॅमची गोळी सगळ्या शरीरात पसरल्यावर एक मिलिलिटर रक्तद्रवात जेमतेम एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश, सापडतो.

हे मोजण्याची युक्ती रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी काढली. यॅलो यांना तिच्यासाठी 1977 चे नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच वारले होते. युक्ती एसटीच्या भाषेत सांगता येते. गाडीत सीटा ठरावीक. त्या म्हणजे डिगॉक्सिनलाच धरणारी प्रतिपिंडे. आपण खूण केलेले ठरावीक प्रवासी आत सोडतो, हे किरणोत्सारी डिगॉक्सिन. त्याच वेळी रोग्याच्या रक्तातले बिनखुणेचे प्रवासीही चढतात. बिनखुणेचे जितके जास्त, तितक्या खूणवाल्यांना सीटा कमी. किती खूणवाले बसले ते मोजले की बिनखुणेचे किती होते ते कळते. 1969 मध्ये थॉमस स्मिथ, व्हिन्सेंट बटलर आणि एडगर हेबर यांनी याच रीतीने रोग्यांच्या रक्तातले डिगॉक्सिन मोजून दाखवले. आज किरणोत्साराऐवजी विकरे किंवा प्रकाश वापरणारी यंत्रे हेच काम थोड्या वेळात करतात, पण तत्त्व तेच.

या तपासणीने लगेच एक गुपित फोडले. 1971 मध्ये जॉन लिंडेनबॉम यांनी दाखवले की कागदावर सारखीच मात्रा लिहिलेल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या गोळ्या रक्तात कित्येक पटींनी कमी-जास्त औषध सोडत होत्या. पुढे गोळी विरघळण्याचे नियम कडक झाले. तरी या एका औषधाबाबत दुकानदाराने परस्पर दुसरी कंपनी देऊ नये, हा सल्ला तेव्हापासून टिकून आहे.

'नॉर्मल'चा रकाना

प्रयोगशाळेच्या छापील अहवालात आकड्यासमोर एक रकाना असतो. डिगॉक्सिनसाठी त्यात बरेचदा 0.8 ते 2.0 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे छापलेले दिसते. आकडा या दोन टोकांच्या आत असला की लोक 'नॉर्मल' म्हणतात. पण औषधाला नॉर्मल नसते. निरोगी माणसाच्या रक्तात डिगॉक्सिन शून्य असते. रकान्यातली मर्यादा म्हणजे उपयोग आणि अपाय यांचा त्या काळी बसवलेला अंदाज, आणि तो अंदाज आता खाली सरकला आहे.

सरकण्याचे कारण एक मोठी चाचणी. अमेरिका आणि कॅनडातल्या 6,800 हृदय-दुर्बलतेच्या रोग्यांवर झालेली 'डिग' चाचणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. डिगॉक्सिन घेणाऱ्यांपैकी 34.8 टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी 35.1 टक्के दगावले, म्हणजे आयुष्य वाढले नाही. रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण मात्र घटले. पुढे 2003 मध्ये याच चाचणीतल्या पुरुषांची रक्तातल्या पातळीनुसार विभागणी झाली, तेव्हा चित्र उलगडले. 0.5 ते 0.8 पातळीच्या गटात मृत्यू कमी होते आणि 1.2 किंवा अधिक पातळीच्या गटात जास्त. त्याआधी, 2002 मध्ये, याच आकड्यांतून स्त्रियांना डिगॉक्सिनचा धोका पुरुषांपेक्षा अधिक दिसला होता. सांधेतापाने झडप खराब झालेल्यांत आपल्याकडे बायका अधिक असतात, म्हणून हे वाक्य आपल्यासाठी खालच्या टिपेत टाकण्यासारखे नाही. 2018 मध्ये अनियमित ठोक्यांच्या रोग्यांवरच्या आणखी एका मोठ्या विश्लेषणातही 1.2 च्या वर पातळी असलेल्यांत मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक वाढलेला दिसला.

आज बहुतेक हृदयतज्ज्ञ 0.5 ते 0.9 च्या आसपास थांबतात. म्हणजे अहवालावर 1.6 आले आणि शेजारी तांबडी खूण नसली, तरी तो आकडा चिंतेचा आहे. छापील रकाना जुना आणि विज्ञान नवे, अशी ही गोष्ट.

यावरून औषधच कालबाह्य झाले असे कुणी समजू नये. ब्रिटनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 160 वयस्कर रोग्यांच्या चाचणीत, ठोके कायम अनियमित असणाऱ्यांना डिगॉक्सिनने बिसोप्रोलॉलइतकाच आराम दिला. त्याचा सख्खा भाऊ डिजिटॉक्सिन याने 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीकडच्या चाचणीत हृदय-दुर्बलतेतले मृत्यू आणि भरत्या मिळून कमी केल्या. कमी मात्रेत ठेवले तर हे जुने औषध अजून कामाचे आहे. ती कमी मात्रा राखायची कशी, हाच प्रश्न आहे.

घड्याळाची चूक

सर्वात जास्त घडणारी चूक यंत्राची नसते, वेळेची असते. समजा, फाइलमधल्या बाईंनी सकाळी आठला गोळी घेतली. 'रक्त द्यायचं आहे, उपाशी या' असे सांगितलेले, म्हणून साडेनऊला प्रयोगशाळेत हजर. डिगॉक्सिन पोटातून आधी रक्तात उतरते आणि मग सहा-आठ तासांत हळूहळू स्नायूंत आणि हृदयात मुरते. मुरण्याआधी काढलेल्या रक्तात पातळी फुगलेली दिसते. आकडा येतो 2.1, डॉक्टर गोळी बंद करतात, आणि पंधरवड्यात धाप घेऊन तीच बाई पुन्हा भरती होते. कुणाचीच चूक दिसत नाही, कारण गोळी आणि सुई यांच्यामधला दीड तास कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो.

म्हणून नियम असा, की शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तास जाऊ द्यावेत. पुढच्या गोळीच्या अगदी आधी रक्त काढले तर सर्वात उत्तम. उपाशी राहण्याची या तपासणीला गरज नसते. ज्यांना वारंवार तपासणी लागते, त्यांची गोळी डॉक्टर रात्रीवर नेतात, म्हणजे सकाळचे रक्त आपोआप योग्य वेळेचे होते.

आपल्या '5/7' मुळे यात आणखी एक पेच पडतो. मूत्रपिंडे ठीक असतील तर रक्तातले डिगॉक्सिन 36 ते 48 तासांत निम्मे होते. शुक्रवारी सकाळी शेवटची गोळी आणि सोमवारी सकाळी गोळीआधी रक्त, म्हणजे मध्ये 72 तास. तोवर शुक्रवारच्या पातळीचा चौथा ते तिसरा हिस्साच शिल्लक उरतो. सोमवारी काढलेला आकडा बघून 'औषध कमी पडतंय' म्हणावे आणि शुक्रवारचा बघून 'जास्त होतंय' म्हणावे, असे एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकते. पाव मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या सात दिवसांत वाटल्या तर दिवसाला सरासरी 0.18 मिलिग्रॅम पडते. रोज अर्धी गोळी, म्हणजे 0.125 मिलिग्रॅम, घेतली तर मात्रा कमीही राहते आणि पातळीचे चढउतारही शमतात. सुट्टीची रूढी सोडून अनेक डॉक्टर आता या वाटेने जातात.

तिसरी चूक म्हणजे मात्रा बदलल्यावर दोन दिवसांत पुन्हा तपासणे. पातळी नव्या जागी स्थिरावायला पाच अर्धायुष्ये, म्हणजे सात ते दहा दिवस लागतात. मूत्रपिंडे थकलेली असतील तर त्याहून अधिक. एक सोय मात्र आहे. या औषधाचा हिशेब सरळ असतो, मात्रा निम्मी केली की स्थिरावलेली पातळीही निम्मी होते. म्हणून एकदा योग्य वेळी काढलेला आकडा पुढे पुष्कळ काळ उपयोगी पडतो.

क्रिएटिनीन 'बरोबर' आणि मूत्रपिंड थकलेले

डिगॉक्सिनचा मोठा भाग मूत्रपिंडातून जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून ही तपासणी अर्धी मूत्रपिंडाची गोष्ट आहे. बाभुळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली सत्तर वर्षांची, 42 किलो वजनाची, आयुष्यभर कापूस वेचलेली बाई डोळ्यांसमोर आणा. क्रिएटिनीन 1.0 येते. अहवालावर खूण नाही, सगळे खूश. पण 1976 पासून वापरात असलेल्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात हे आकडे घालून पाहू. 140 मधून वय वजा केले तर 70 उरतात. त्याला 42 ने गुणले, 72 ने भागले आणि बाई म्हणून 0.85 ने गुणले की उत्तर येते मिनिटाला सुमारे 35 मिलिलिटर. तरुण निरोगी माणसाच्या साधारण एक तृतीयांश. अंगावर मांसच कमी असल्याने क्रिएटिनीन कमी तयार होते आणि आकडा गोड दिसतो. हीच बाई रोज पाव मिलिग्रॅम गोळी घेत असेल, तर औषध हळूहळू साठत जाते.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. घाम, अपुरे पाणी, एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतरची हगवण, आणि त्यावर रोजची लघवीची गोळी चालूच. शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडांचा वेग मंदावतो आणि डिगॉक्सिन आत अडकते. त्याच वेळी लघवी, उलटी आणि जुलाबातून पोटॅशियम निघून जाते. पेशीच्या ज्या पंपावर डिगॉक्सिन बसते, तिथे पोटॅशियम त्याचा प्रतिस्पर्धी. तो बाजूला झाला की डिगॉक्सिन घट्ट बसते. म्हणून पोटॅशियम 2.9 असेल तर 0.9 ची 'चांगली' पातळीही विषारी ठरू शकते. मॅग्नेशियम घटले तरी तेच. घरगुती औषध म्हणून बराच काळ ज्येष्ठमध घेतला तर तोही पोटॅशियम उतरवतो.

पोटॅशियमची तपासणी स्वस्त आहे, पण नाजूक. रक्त काढून पेशी वेगळ्या न करता तासन्‌तास ठेवले, विशेषतः बर्फात, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि कमी असलेला आकडा ठीक दिसतो. गावात नमुना घेऊन दुपारपर्यंत डब्यात फिरवणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे. रक्तद्रव आधी वेगळा करावा, मग डबा हलवावा.

काही औषधे तर थेट पातळीच चढवतात. अमिओडॅरोन, व्हेरापामिल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही त्यांतली ठळक नावे. डिगॉक्सिनवर असलेल्याला अमिओडॅरोन सुरू करताना डिगॉक्सिन साधारण निम्मे करायचे असते. खोकल्यासाठी कुठल्याशा दवाखान्यात मिळालेले प्रतिजैविक जुन्या फाइलमध्ये नोंदलेले नसते, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

मयमय, पिवळेपणा आणि शिस्तीत आलेली नाडी

यंत्राच्या आधी शरीर बोलते. अन्नावरची वासना उडणे ही बहुधा पहिली खूण. मग वऱ्हाडीत म्हणतात तसे 'मयमयते'. काहींना 'सारं पिवयं पिवयं दिसते', आणि घरचे काविळीचे औषध शोधायला निघतात. म्हाताऱ्या माणसांत नुसता गोंधळ, सुस्तीही असते.

सर्वात फसवी खूण नाडीची. कायम अनियमित ठोके असलेल्या माणसाची नाडी एक दिवस अचानक संथ आणि अगदी शिस्तीत लागू लागली, तर सुधारणा झाली असे वाटते. प्रत्यक्षात वरच्या कप्प्यांकडून खाली येणारा संदेश पूर्ण अडला असून खालचा हृदयभाग स्वतःच्या मंद तालावर चालू लागल्याची ती खूण असू शकते. हे ओळखायला नॅनोग्रॅमचे यंत्र लागत नाही. मनगटावर तीन बोटे आणि ईसीजीची एक पट्टी पुरते.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गल्लत होऊ शकते. 2017 च्या फवारणीच्या हंगामात इथे कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या बाधेतही उलट्या, धूसर दृष्टी आणि मंद नाडी दिसते. डिगॉक्सिन घेणारा माणूस फवारणी करून आला आणि ओकू लागला, तर दोन्ही शक्यता धरून चालावे लागते. एकीसाठी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी आहे, दुसरीसाठी डिगॉक्सिन, पोटॅशियम आणि ईसीजी.

कुंपणावरची बिट्टी

डिगॉक्सिनसारखी द्रव्ये फक्त परदेशी झाडांत नसतात. आपल्या कण्हेरीत आणि कुंपणांवर, देवळांच्या आवारात फुलणाऱ्या पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत, याच कुळातली विषे आहेत. बिट्टीतल्या पेरुव्होसाइड या द्रव्याचा हृदयाचे औषध म्हणून भारतीय संशोधकांनी 1960 च्या दशकात अभ्यासही केला होता. ते औषध रुजले नाही, पण या नात्याने तपासणीत एक विचित्र गोष्ट घडते. बिट्टी पोटात गेलेल्या माणसाने आयुष्यात लॅनॉक्सिन पाहिलेली नसली तरी डिगॉक्सिनची तपासणी काहीतरी आकडा दाखवते. सीटा डिगॉक्सिनसाठी राखीव होत्या, पण चेहरेपट्टी सारखी असलेले भावबंद त्यांवर बसले. मात्र बसणारे अर्धवट बसतात, म्हणून त्या आकड्यावरून विषाचे मान ठरवता येत नाही. लहान आकडा बघून घरी पाठवणे धोक्याचे. अशा वेळी आकड्यापेक्षा ईसीजी आणि पोटॅशियमवर भिस्त ठेवायची आणि रोग्याला मोठ्या रुग्णालयात हलवायचे.

हीच भाऊबंदकी इतरत्रही भोवते. नवजात बाळे, गरोदर स्त्रिया आणि यकृत-मूत्रपिंड निकामी झालेले रोगी यांच्या रक्तात डिगॉक्सिनसारखी दिसणारी स्वतःची द्रव्ये असतात. स्पायरोनोलॅक्टोन ही सूज उतरवणारी गोळी काही यंत्रांना चकवते. केस-नखांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्यांचे काही यंत्रांवरचे आकडे बिघडतात. म्हणून नमुन्याबरोबर औषधांची पूर्ण यादी जायला हवी.

अमिओडॅरोन : मोजायचे ते वेगळेच

ठोक्यांच्या औषधांतले दुसरे मोठे नाव अमिओडॅरोन. 1961 मध्ये बेल्जियममध्ये ते छातीच्या दुखण्यावर म्हणून तयार झाले. ठोक्यांवरची त्याची ताकद अर्जेंटिनाच्या मॉरिसिओ रोझेनबॉम यांच्या कामामुळे सत्तरच्या दशकात जगाला कळली. त्याचीही रक्तातली पातळी मोजता येते, पण तिचा उपयोग थोडा. औषध चरबीत, यकृतात, फुप्फुसांत दडून बसते आणि निम्मे व्हायला आठवडे-महिने घेते. रक्तातला आकडा म्हणजे धरणाचा साठा मोजायचा सोडून कालव्यातले पाणी मोजण्यासारखे. बेंबळा प्रकल्पाशेजारी राहणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून इथे तिसऱ्या जातीची तपासणी लागते, इजा शोधणारी. अमिओडॅरोनच्या वजनात 37 टक्के आयोडीन असते. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन, ज्यातले सहा-सात मिलिग्रॅम दररोज मोकळे होते. शरीराची रोजची गरज मिलिग्रॅमच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी असते. थायरॉइड त्याने मंदावते किंवा भडकते. म्हणून औषध सुरू करण्याआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि यकृताच्या चाचण्या करायच्या. फुप्फुसांसाठी छातीचा एक्स-रे आणि डोळ्यांकडे लक्ष, हेही त्यात येते. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडा चढून आपोआप उतरू शकतो, तेव्हा लगेच थायरॉइडची गोळी सुरू करण्याची घाई नको. उन्हात कातडी भाजते आणि काळसर-निळसर होते, हे कपाशीच्या रानात दिवसभर राबणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. गोळी बंद केल्यावरही हे परिणाम महिनोन्‌महिने डोके वर काढू शकतात, म्हणून तपासण्याही गोळीबरोबर थांबत नाहीत.

फ्लेकेनाइड, क्विनिडिन, प्रोकेनामाइड यांच्या पातळ्याही मोजल्या जातात, पण आपल्या भागात ही औषधे क्वचित. मेटोप्रोलॉलसारख्यांची पातळी कुणी मोजत नाही. नाडी आणि रक्तदाब हेच त्यांचे माप.

आयएनआर : शेजारची पण निराळी

वरचे कप्पे नुसते थरथरू लागले की रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. म्हणून ठोक्यांच्या औषधांना रक्त पातळ करणारी गोळी जोडून येते. 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची पद्धत स्वीकारली, तेव्हापासून बाभुळगावचा आकडा आणि मुंबईचा आकडा एकाच मापात बोलू लागला. या रोग्यांसाठी तो साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, मग त्याच का नकोत? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत, सांधेतापाने झडप बिघडलेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या सुमारे 4,500 रोग्यांत, जुन्या गोळ्या घेणारे नव्या रिव्हारॉक्सॅबान घेणाऱ्यांपेक्षा कमी दगावले. म्हणजे आपल्या फाइलमधल्या बाईंची आयएनआरमधून सुटका नाही. आणि अमिओडॅरोन सुरू झाले की डिगॉक्सिनसारखाच आयएनआरही चढतो. एका नव्या गोळीने दोन जुन्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.

नमुन्याचा प्रवास

भारतात औषधांच्या रक्तपातळ्या मोजून उपचार करण्याची शिस्त 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली. महाराष्ट्रात मुंबईच्या परळमधल्या केईएम रुग्णालयाच्या औषधशास्त्र विभागाने, डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, यात मोठे काम केले. या सेवांचा भर पहिल्यापासून फिट्सच्या औषधांवर राहिला आणि डिगॉक्सिन मागच्या बाकावर बसले. त्यांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. नुसता आकडा देणारी खिडकी पुरत नाही. आकडा वाचून, रोग्याला विचारून सल्ला देणारा माणूस लागतो.

बाभुळगावातून डिगॉक्सिनचा नमुना बाहेरगावी, नागपूर-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवाल मोबाइलवर परत येतो. वेगळा केलेला रक्तद्रव हा प्रवास चांगला सोसतो, डिगॉक्सिन वाटेत सहसा बिघडत नाही. वाटेत हरवते ती माहिती. चिठ्ठीवर नाव, वय, 'डिगॉक्सिन' एवढेच. गोळीची वेळ नाही, रक्ताची वेळ नाही, क्रिएटिनीन नाही.

गावात उभे राहून

एवढे पाहिल्यावर गावपातळीवरचा हिशेब सोपा होतो. प्रत्येकाची डिगॉक्सिन पातळी दर महिन्याला काढण्याची गरज नाही. ती काढावी असे मोजके प्रसंग आहेत. विषबाधेची शंका आली, मूत्रपिंडे बिघडली, पातळी चढवणारे औषध जोडले गेले, किंवा गोळी नियमित घेऊनही उपयोग दिसेना. एरवी क्रिएटिनीन, पोटॅशियम आणि ईसीजी या तीन साध्या गोष्टी पुरेशा बोलतात. या गोष्टी सरकारी यंत्रणेच्या आवाक्यात आहेत. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, सरकारी दवाखान्यांतले नमुने तपासणारी 'महालॅब'ची व्यवस्था 2017 पासून राज्यात आहे, यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांची क्रिएटिनीन आणि पोटॅशियमची तपासणी उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा झाली, तर आशाताईंच्या यादीतली बरीच संकटे मे महिन्याआधीच कळतील. आणि उलटी-जुलाब सुरू झाले की 'रोजच्या गोळ्या चालू ठेवू का?' हे त्याच दिवशी फोनवर विचारण्याची सवय घरोघरी लागली, तर बरेचसे साधेल.

घरच्यांनी करायचे काम तर आणखी छोटे आहे. विदर्भातल्या घराच्या भिंतीवर कालनिर्णय असतेच. दुधाचा हिशेब, गॅसची टाकी, मजुरांचे रोज त्याच चौकोनांत लिहिलेले असतात. लॅनॉक्सिनची गोळी किती वाजता घेतली हे तिथेच लिहावे, आणि रक्त द्यायला जाताना ते पान मोबाइलवर टिपून न्यावे. नागपूरच्या यंत्राला 0.9 आणि 2.1 यांतला फरक अचूक कळतो. सकाळी आठ आणि साडेनऊ यांतला फरक मात्र त्याला बाभुळगावातूनच कळवावा लागतो.